मागच्या सीटवर कोण बसतं

माझा जन्म कणकवलीच्या पुढचा, गावाचं नाव घेऊन काय करायचं, तिथे आता आमचं घर नाय आणि मला ओळखणारं माणूस नाय. शाळा चौथीपर्यंत. बाप काळाचौकीला चाळीत राहायचा, गिरणीत होता, तो बोलला पोरगा सोळाचा झाला, आता गुरं राखून काय होणार, आणि मला आणला मुंबईला. त्याला वाटायचं मी गिरणीत लागावं. मी दोन दिवस आत गेलो, तो आवाज, तो कापूस नाकातोंडात, तिसऱ्या दिवशी गेलोच नाय, लालबागला एका टायरच्या दुकानात पंक्चर काढायला उभा राहिलो. आणि उभाच राहिलो, काय सांगू तुम्हाला, चव्वेचाळीस वर्षं. मालक बदलले, पाटी बदलली, मी तिथेच.

तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो, मला इंग्रजी येत नाय, सही मराठीत करतो, पण टायरच्या कुशीवर जे काय छापलेलं असतं ते सगळं मला वाचता येतं. रुंदी किती, रबर किती उंच, आत रिम कितीची, वजन किती घेणार. टाय लावलेली माणसं गाडीतून उतरायची आणि मला विचारायची, मामा, कुठला टाकू. मी सांगेन तो टाकायची. घरी मात्र मला कोण काय विचारायचं नाय. घरातलं सगळं शालन बघायची, शालन म्हणजे माझी बायको. चाळीतल्या खोलीत बसून बारा-तेरा माणसांचे डबे करायची, दुपारी दोनपर्यंत तिला बोलायला फुरसत नसायची, आणि दोननंतर मला नसायची. असा संसार केला आम्ही. लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा निलेश झाला, एकच. त्यामुळे ती त्याच्या बाबतीत जरा येडीच होती. मी ओरडलो की तिचं ठरलेलं, गप रवा, झील आसा आपलो, दुश्मन नाय. झील म्हणजे मुलगा.

चाळ पडली, टॉवर झाला, आम्हाला बारावा मजला मिळाला. मी दुकान सोडलं, गुडघे गेले. निलेश ऐरोलीला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, प्राची आली घरात, चांगली मुलगी, प्रभादेवीची, तिच्याबद्दल मला वाईट बोलायचंच नाय. आणि निलेशने गाडी घेतली. छोटी, चार दरवाजांची, जुनी पण साफ. मी बोललो चांगली आहे, आहे तशी ठेव. तर महिन्याभरात त्याने ती खाली केली. खाली करणं म्हणजे स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीला बसवतात, नाकाने रस्ता हुंगत चालली आहे असं वाटतं. रोज कामाला जायची गाडी, ऐरोली ते काळाचौकी, आणि ती अशी पोटावर सरपटणारी. मी बोललो, अरे ही गाडी आहे की घोरपड. तो हसला. प्राची बोलली, बाबा, मी पण हेच बोलले, मला बोलला तुला कळत नाय.

मग एक दिवस माझ्या खाटेवर येऊन बसला. फोन पुढे केला. बोलला, बाबा, अलॉयची चाकं टाकायची आहेत, सोळाची, सात इंच रुंद. नेटवर वीस जण वीस साइज सांगतात. तुम्ही सांगा, कुठला बसेल.

तुम्हाला कळणार नाय मला काय वाटलं ते. पस्तिशीला आलेला मुलगा, इंजिनियर, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काय तरी विचारतोय. मी उठलो, चष्मा घातला, लिफ्टने खाली गेलो, जमिनीवर पसरलो त्या गाडीखाली, गुडघ्यांचं काय होईल ते होवो. खाली केलेल्या गाडीचं सोपं नसतं. चाक बाहेर आलं की मडगार्डची कड रबर कापते, आत गेलं की शॉकअपला घासतं, मध्ये जागा असते ती बोटभर. आणि रिम मोठी केली की रबर बारीक करावं लागतं, नायतर चाक मावतच नाय. मूळ टायरला रबर होतं सात बोटं, मी त्याला आणलं पाच बोटांवर. चाक आत किती नि बाहेर किती तो आकडा मी सांगितला, दुकानदाराने वेगळा सांगितलेला, निलेशने माझा ऐकला.

आता दुकानात आमची एक पद्धत होती. रिकाम्या गाडीवर फिटिंग बघायचं नाय, रिकामी गाडी खोटं बोलते. कणकेच्या गोळ्या करायच्या, मडगार्डच्या आत चिकटवायच्या, गाडीत माणसं भरायची, खड्ड्यातून न्यायची, आणि मग बघायचं गोळी कुठे चेपली. शालनने कणीक मळून दिली, बोलली, चपात्या कमी पडतायत आणि ह्यांका गाडयेक भरवूक व्हया. मी मंडळाची चार पोरं बोलावली, एकेक ऐंशी किलोच्या वरचा, आरतीला पुढे नि मोदकालाही पुढे. त्यांना कोंबलं आत. पहिल्या फेरीत मागच्या गोळ्या पापडासारख्या झाल्या, म्हणजे मागे घासणार. तर मी निलेशला सांगितलं, मागच्या स्प्रिंगा अजून कडक टाक, आणि हवा छत्तीस पाउंड ठेव, तीस नको, एवढ्याशा रबरात हवा कमी ठेवलीस तर खड्ड्यात रिम वाकेल. त्याने केलं. परत चौघं आत, परत फेरी. गोळ्या होत्या तशा, गोल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. निलेश सगळ्यांना सांगत होता, माझ्या बाबांनी काढलेलं फिटिंग आहे. मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांत शालनची मूत्रपिंडं गेली. साखर होतीच, पथ्य करायची नाय, सगळ्यांना सांगायची करते म्हणून. परळला हॉस्पिटलात मशीनवर रक्त धुवायला न्यायचं, आठवड्यातून दोनदा, मंगळवार नि शुक्रवार. निलेश बोलला, माझी गाडी असताना आई टॅक्सीने जाणार नाय. एवढा सकाळी न उठणारा मुलगा, साडेपाचला उठायचा, आम्हाला सोडायचा आणि मग तसाच कामाला. परतताना तो नसायचा, मग आम्ही टॅक्सी करायचो.

काळाचौकी ते परळ कितीसं आहे. पण रस्ता तुम्ही बघितलाय ना, सगळा खणलेला, कुठे पेव्हरब्लॉक उठलेले, कुठे लोखंडी पत्रा टाकलेला. मी पुढे बसायचो गुडघ्यांमुळे, ती मागे, डावीकडे. पहिल्या चार-पाच वेळा माझ्या लक्षातच आलं नाय. मी पुढे बसून चाकांचा आवाज ऐकायचो, घासतं का बघायचो, घासत नव्हतं, मला बरं वाटायचं. मग एकदा टॅक्सीतून परत येताना बघितलं तर ही झोपली. खटारा टॅक्सी, दरवाजा खडखडतोय, आणि ही मान टाकून गाढ झोपलेली. मी उठवली, बोललो, जाताना तर टक्क जागी असतेस. पुढच्या शुक्रवारी मी मान वळवून मागे बघत बसलो. एका हातात मशीनची सुई घालायला ऑपरेशन करून शीर जोडलेली, तो हात तिने छातीशी धरलेला, दुसऱ्या हाताने दरवाजावरची कडी पकडलेली, आणि प्रत्येक खड्ड्याला ती सीटवरून उठायची. उठायची म्हणजे खरंच, खाली घेतलेल्या उशीसकट. आणि डोळे मिटून ओठ दाबलेले. निलेश पुढून विचारतोय, आई, ठीक आहेस ना. ही बोलते, मस्त रे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. मी ती गाडी चार पैलवानांवर बसवली होती. कडक स्प्रिंग वजनाने बसते, वजन नसलं की ती माणसाला फेकते. ती तेव्हा अडतीस किलो राहिली होती. चव्वेचाळीस वर्षं टायरमध्ये काढलेल्या माणसाने बायकोला कडक फळीवर बसवून आठवड्यातून दोनदा उडवली. आणि वर हवा छत्तीस.

मी घरी आल्यावर बोललो, निलेशला सांगतो, काढ ते सगळं. तर ती उठून बसली खाटेवर. बोलली, तेका काय एक बोलू नकात. तो पोर झोप मोडून येता, आपल्या गाडयेतसून आवशीक नेता, तेका किती बरा वाटता, बघलास? तुम्ही बोललात तर तो गाडी फेकून देतलो आणि जन्मभर मनाक लावून घेतलो. माझी शप्पत आसा तुमका. मी बोललो शपथबिपथ काय घालू नको. तिने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. आता काय करणार.

मी माझ्या परीने खटपट केली. निलेशला बोललो, हवा तीस कर. तो बोलला, बाबा, तुम्हीच बोललात तीसने रिम वाकेल. मी बोललो, मी सांगतो ना, कर. त्याने केली, आणि चौथ्या दिवशी करीरोडच्या पुलाखाली खड्ड्यात डावी रिम वाकली. बघा बाबा, तुमचंच बरोबर होतं, असं बोलून त्याने परत छत्तीस केली, आणि पोरगा माझ्यावर खूश. मी मग बोललो टॅक्सी बरी पडते, तुला कामाला उशीर होतो. त्याने ऐकलं नाय, त्याला वाटलं मी त्याची काळजी करतोय. मी जे काय बोलायचो ते उलटून माझ्याच अंगावर यायचं, कारण सगळं माझंच तर सांगितलेलं. एका उशीच्या दोन केल्या, बस, तेवढंच माझ्याने झालं. अकरा महिने ती त्या गाडीतून गेली. आणि एका सकाळी मशीनवरच तिचं हृदय थांबलं. डॉक्टर बोलले आजाराने गेली. मलाही माहीत आहे, चाकांनी कोण मरत नाय. पण जिवंत होती तेव्हा तिला दुखत होतं, आणि ते माझ्या हातचं होतं, एवढंही मला माहीत आहे.

तिला जाऊन आठ महिने झाले. घरात सगळं तिचंच आहे, डब्यांची चळत अजून माळ्यावर आहे, मी कोणाला देऊ देत नाय. मी खिडकीशी बसतो. खाली उतरलो तर कुठे जाणार, आणि वर बसलो तर हेच सगळं डोक्यात.

आता प्राचीला पाचवा लागला. घरात इतक्या दिवसांनी कोणतरी हसलं. तिची तपासणी दादरला असते, निलेश नेतो, दोनदा मलाही नेलं, वर बसून कुजाल बोलला. प्राची मागे, डावीकडे. पुढची जागा मला दिली म्हणून. मी परत मान वळवून बघितलं. खड्डा आला की ती पोटाखाली हात घालायची. मी विचारलं, पोरी, त्रास होतो का. बोलली, नाय बाबा, सवय झाली. दोन बायका, एकमेकींशी भांडल्या पण कधी कधी, आणि उत्तर बघा.

आणि त्याच आठवड्यात निलेश फोन घेऊन आला. बोलला, टायर आतल्या कडेने खाल्ले गेलेत, बदलायला हवेत, तर आता सतरा इंच टाकू या. रबर अजून एक बोट बारीक. बाबा, तुम्ही फक्त चाक आतबाहेरचा आकडा सांगा, बाकी मी बघतो.

मी बोललो नको. तो बोलला का. मी बोललो घासेल. बोलला, मडगार्डची कड आतून वळवून घेतो, तुम्हीच शिकवलंत. मी बोललो रिम वाकेल. बोलला, हवा अडतीस ठेवतो. मी बोललो खाली पोट लागेल. बोलला, बाबा, चाकाची बाहेरची उंची तीच राहते, पोट कसं लागेल. अगदी बरोबर. मी ज्या दरवाजाने निघायचो तिथे मीच लावलेलं कुलूप. बोललो प्राचीचे दिवस आहेत. तर बोलला, ती काही बोलली का तुम्हाला, आणि तिला हाक मारली, आणि ती आतून बोलली, नाय रे, मी कुठे काय बोलले.

खरं कारण एकच होतं आणि त्याच्यावर शपथ. मी खूप विचार केला. शपथ मोडली तर जिची घातली तिचं वाईट होतं असं लोक मानतात, पण ती तर गेली, मग आता कोणाचं वाईट व्हायचं. विचारायचं तर कोणाला.

मग मला वाटलं, न बोलता दाखवू. रविवारी बोललो, प्राची चालवेल, तू मागे बस डावीकडे, मला आवाज ऐकायचा आहे. प्राची चांगली चालवते, त्याच्यापेक्षा चांगली. परळपर्यंत गेलो, आलो, तोच रस्ता. मी विचारलं, कसं वाटलं. तर बोलला, एकदम मस्त बसते गाडी, मी उगाच इतकी वर्षं पुढे बसतो. नव्वद किलोचा झालाय तो. त्याच्याखाली स्प्रिंग लोण्यासारखी दबली. मी हसलो, काय करू, हसूच आलं. प्राची बोलली, बाबा, काय झालं. बोललो काय नाय.

तर गेलो दुकानात. शिवडीला अस्लमचं दुकान आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला, आता त्याची दाढी पांढरी झाली. खुर्ची दिली, चहा मागवला, बोलला, चाचा, आपने तो हमको भुला दिया. निलेशने त्याला सतराची चाकं दाखवली, अस्लमने गाडीला फेरी मारली, मागचा दरवाजा उघडून हाताने सीट दाबली, आणि सहज विचारलं, पीछे कौन बैठता है?

हा प्रश्न मी त्याला शिकवला होता. प्रत्येक गिऱ्हाईकाला मी आधी हेच विचारायचो, मागे कोण बसतं, म्हातारं माणूस आहे का, लहान मूल आहे का, मग साइज सांगायचो. हजारो लोकांना विचारला असेल. स्वतःच्या पोराला विचारला नाय, कारण तो मला विचारायला आला होता आणि मी फुगलो होतो.

निलेश बोलला, कोण नाय, कधीतरी बायको.

मी बोललो, तुझी आई बसायची.

आणि मग थांबता आलं नाय. सगळं सांगितलं, तिथेच, खुर्चीत बसून, चहा हातात. उशी, हात, टॅक्सीतली झोप, शपथ, सगळं. अस्लम उठून आत गेला, शहाणा माणूस. निलेश चाकांकडे बघत उभा होता. मला वाटलं तो ओरडेल, मला तो ओरडायला हवा होता. त्याने एवढंच विचारलं, किती दिवस. मी बोललो, अकरा महिने. मग त्याने अस्लमला हाक मारली, बोलला, बाबा सांगतील ते टाका.

मी सांगितलं. पंधराची रिम, रबर साडेसहा बोटं, स्प्रिंगा मूळच्या, गाडी होती तेवढी वर, हवा तीस. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता. तीन तास लागले. गाडी उभी राहिली तशी, कंपनीतून आल्यासारखी, साधी. प्राची आता तिच्यातून जाते. परवा तपासणीवरून येताना मागे झोपली होती. मी बघितलं, आणि पुढे बघितलं.

तिचं सुखरूप होऊ दे, मुलगा मुलगी काय का असेना, धडधाकट असू दे. माझं मागणं एवढंच. निलेश माझ्याशी नीट बोलतो, औषधं आणून देतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. गाडीचं काय विचारत नाय. आईचं पण नाय. मी एकटा त्यात होतो, आता आम्ही दोघं आहोत, आणि दोघं असून काय हलकं झालं नाय.

सकाळी तो कामाला निघतो ते मी खिडकीतून बघतो. सोसायटीच्या गेटबाहेर एक छोटा उंचवटा आहे, लोक धाडकन जातात त्याच्यावरून. हा थांबतो. एक चाक चढवतो, हळू, मग दुसरं, मग मागचं एक, मग दुसरं. मागून टॅक्सीवाले हॉर्न मारतात, शिव्या घालतात, तरी तो घाई करत नाय. गाडीत तो एकटाच असतो. रोज बघतो मी, बारा मजले वरून, आणि तिथून हाक मारली तरी त्याला ऐकू जायची नाय.